दुसरी फ्लॉपी

"हाच ना तो, फाईल विसरलेला?"

माझ्या पाठीमागच्या खुर्चीवरून हे आलं. तुमच्या अंगणात, कोलशेतला. दहाव्याचं खाडीवर उरकून सगळे घरी परतले होते, चहा फिरत होता. विचारणारा आपल्या ऑफिसातला निलेश. त्याला लागून दोन महिने झाले. त्याने तुम्हाला केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन जिना चढताना पाहिलंय, त्यापलीकडे काही नाही. शेजारी ऑफिसातलेच सावंत बसले होते. ते म्हणाले, "हळू बोल. हां, तोच. माणूस सोन्यासारखा रे, पण तेवढं एक झालं त्याच्या हातून."

मी मागे वळून पाहिलं नाही. कप हातात धरून बसले. चहावर साय धरली तरी बसले. हरेशदादा, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पी की गं, बघत काय बसलीस, तो काय प्रोग्रॅम आहे?"

त्या वेळेपासून मला एका जागी बसवत नाहीये. काल ठाकुर्लीला घरी आल्यावर गच्चीत फेऱ्या मारल्या. आई दोनदा वर येऊन विचारून गेली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. हे मला फार चांगलं जमतं. उद्या सोमवार. ऑफिसात काय होईल माहीत नाही, आणि जेवढं घाबरायला हवं तेवढी मी घाबरलेली नाही, याचंच जरा नवल वाटतंय. म्हणून लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर ते नीटनेटकं झालं असतं आणि तुम्ही पहिल्या परिच्छेदानंतर बाजूला ठेवलं असतंत. शाळेनंतर एवढं मराठी मी पहिल्यांदाच लिहितेय. तुम्हाला माझ्या इंग्रजीचं कोण कौतुक. "तुझं इंग्रजी आणि माझा कोड," म्हणायचात, "दोघं मिळून एक धड माणूस होतो."

पहिले काही दिवस मी तुमच्याशी बोललेच नव्हते. वागळे इस्टेटमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावर मी एकटीच मुलगी, आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायचात, मुद्दाम. मी मान खाली घालून टाइप करत राहायचे. मग एकदा माझ्या पडद्यावर वाकलात आणि म्हणालात, "मॅडम, तुम्ही हे सगळं परत का लिहिताय?"

मी सांगितलं, नव्या गिऱ्हाइकाकडचं नेटवर्क वेगळं आहे, म्हणून माहिती पाठवायचा आणि घ्यायचा सगळा भाग बदलावा लागतोय. कुठल्या कारखान्यात नुसती सिरियल केबल, कुठे मोडेम, कुठे काळी कोॲक्स केबल, आणि प्रत्येकाशी बोलायची तऱ्हा वेगळी.

तुम्ही खुर्ची ओढलीत. "माझी आई बाजारात बसते. मासळी कोणाच्या होरीतून आली, कुठल्या जाळ्यात सापडली, गिऱ्हाईक विचारतं का? ते म्हणतं, दोन वाटे दे. तुमच्या प्रोग्रॅमनं पण तेवढंच बोलायचं. हे पाठव. काय आलं ते दे. कसं, ते त्यानं विचारायचं नाही."

आणि तुम्ही मला तुमचा प्रोव्हायडर दाखवलात. नेटवर्कशी बोलायचं सगळं ज्ञान त्या एका वेगळ्या फायलीत. मुख्य प्रोग्रॅमला फक्त पाच कामं माहीत, आणि त्यांची नावं तुम्ही रोमन अक्षरांत पण चक्क मराठीत ठेवली होती: उघड, बंद, पाठव, घे, आलंय का. ही पाच कामं ज्या फायलीला करता येतात ती जोडून द्यायची. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. नेटवर्क बदललं की तेवढी फाईल बदलायची. कॉलेजच्या जाड पुस्तकात वाचून जे मला धड कळलं नव्हतं, ते 'आलंय का' वाचून कळलं. मला हसू आलं. त्या ऑफिसात पहिल्यांदाच हसले असेन.

"दात आहेत म्हणजे हिला," तुम्ही म्हणालात.

तेव्हापासून मॅडम गेलं, अश्विनी आलं. मला म्हणालात, तूही अरे-तुरे कर, "अहो काय लावलंयस, माझा पोरगा पण मला अहो करत नाही." जमलं नाही. बघा, आताही जमत नाहीये.

आपलं भांडण मात्र जमलं. एकाच गोष्टीवरून, महिनोन्‌महिने. प्रोग्रॅम सुरू होताना एक यादी वाचायचा, तिच्यात प्रोव्हायडरांची नावं एकाखाली एक. पहिला सापडला तर तो वापरायचा, नाही सापडला तर दुसरा. आणि सगळ्यांत शेवटी साध्या सिरियल केबलचा. तो तुम्ही मुख्य प्रोग्रॅमच्या पोटातच घालून ठेवला होता, म्हणजे तो हरवणं शक्यच नाही. हे सगळं चुपचाप चालायचं. पडद्यावर एक अक्षर नाही.

मी म्हणायचे, पहिला सापडला नाही तर प्रोग्रॅमनं थांबायला हवं, सांगायला हवं.

"आणि कारखान्याच्या गेटवर टँकर उभा? ड्रायव्हरला वाचून दाखव तुझा इंग्रजी मेसेज."

"पण भलत्या वाटेनं चाललंय हे कळायला नको?"

"चाललंय ना? मग भलती कशी?"

"तुमच्या आईची होरी आली नाही, आणि त्यांनी दुसऱ्याची मासळी घेऊन टोपलीत भरली, तर गिऱ्हाइकाला सांगायला नको?"

तुम्ही डोकं खाजवलंत. मग म्हणालात, "आई नाही सांगत." आणि एवढे हसलात की कर्णिक सर केबिनमधून बाहेर येऊन बघून गेले.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला तो रंगाचा कारखाना. गेटजवळ वजनकाटा, काट्याच्या केबिनीत कॉम्प्युटर. टँकरचं वजन तिथून स्टोअरच्या इमारतीत जायचं, आणि तिकडून उत्तर आलं की केबिनीत गेटपास छापून यायचा. इतकी वर्षं हे भिंतीलगतच्या जुन्या सिरियल केबलवरून चालत होतं. आपण नवीन नेटवर्क टाकत होतो. बदल पुरता होईपर्यंत स्टोअरच्या कॉम्प्युटरला तुम्ही दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या होत्यात. तुम्ही तिकडे कनेक्टर बसवायला गेलात आणि मला दोन फ्लॉप्या दिल्यात. "पहिलीत प्रोग्रॅम, दुसरीत प्रोव्हायडर. दोन्ही टाक. मी तिकडून हात करतो."

काट्याच्या केबिनीला तीन बाजूंनी काच. मी बसले आणि पाच मिनिटांत खिडकीशी दोन ड्रायव्हर, एक क्लीनर. "लडकी चला रही है," एक जण म्हणाला, वाईट हेतूनं नव्हे, नवल म्हणून. काटेवाले काका म्हणाले, "बघू दे हो ताई, दिवसभर टँकरच बघतात ते." माझे कान गरम झाले. पहिली फ्लॉपी टाकली. कॉपी झाली. उठतो का पाहावं म्हणून प्रोग्रॅम सुरू केला, तेवढ्यात टँकर काट्यावर चढला, वजन गेलं, गेटपास छापून आला. बाहेर कोणीतरी टाळी वाजवली. तुम्ही स्टोअरच्या दारातून हात केलात. मीही केला. आणि त्या काचेतून एकदाची सुटका म्हणून भराभर सगळं गोळा करून बाहेर पडले.

दुसरी फ्लॉपी घरी पर्समध्ये सापडली. कंगवा शोधताना.

हे कोणाला ठाऊक नाही. पलंगावर बसून मी तिच्याकडे पाहत राहिले आणि स्वतःची समजूत घातली: गेटपास आला ना, म्हणजे तुम्ही मागाहून जाऊन फाईल टाकली असेल. उद्या विचारू. उद्या विचारलं नाही. विचारलं असतं तर 'मी विसरले' म्हणावं लागलं असतं, आणि माझं प्रोबेशन संपायला महिनाच राहिला होता. जे बिघडलंय ते थांबून सांगायला हवं, असं तुमच्याशी भांडणारी मी. तुमचा प्रोग्रॅम गप्प राहतो हे त्या दिवशी मला सोयीचं झालं.

त्यात कारखान्यातून फोन आला, नवीन नेटवर्क एकदम फास्ट आहे हो. वजन जात होतं त्याच जुन्या केबलवरून. तुम्ही फोन ठेवून माझ्याकडे पाहिलंत, "बघ. तुला उगाच काळजी." कर्णिक सरांनी पत्र पाठवायला सांगितलं, की काम नव्या नेटवर्कवर सुरू झालं आहे आणि जुनी केबल आता काढायला हरकत नाही. ते पत्र मी लिहिलं. चांगल्या इंग्रजीत.

तीन आठवड्यांनी त्यांच्या इलेक्ट्रिशियननं ती केबल कापली. काटा बंद. टँकरची रांग रस्त्यापर्यंत गेली. तुम्ही धावत जाऊन आलात आणि तसेच सरांकडे गेलात.

सरांच्या केबिनीत आपण तिघं. कर्णिक सर ओरडत नव्हते, तेच वाईट होतं. "आपण त्यांना लेखी खोटं सांगितलं, असाच त्याचा अर्थ होतो," ते म्हणाले. "प्रोव्हायडरची फाईल त्या मशीनवर कधी गेलीच नाही. कोणी टाकायची होती?"

मी तोंड उघडलं होतं. तुमची शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं.

"माझ्याकडून राहिली, सर," तुम्ही म्हणालात. छत्री कुठेतरी राहावी, तितक्या साध्या आवाजात.

मी तोंड मिटलं.

कारखान्यानं पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. सरांनी तुम्हाला कोडवरून काढून केबल टाकायच्या कामावर लावलं. तुमचं खिडकीजवळचं टेबल मला मिळालं, आणि आठवड्यानं कायम झाल्याचं पत्र. बाबांनी पेढे आणले. मी ते ऑफिसात वाटले. तुम्ही टेबलाखाली पालथे पडून कनेक्टर बसवत होतात, तिथूनच हात बाहेर काढलात. "दोन दे. एक पोराला."

तुम्ही असं का केलंत, हे मी किती तऱ्हांनी ताडून पाहिलंय. मी नवी, मुलगी, लगेच घालवली असती. तुम्ही जुने, तुम्हाला काढणार नाहीत. इतकाच विचार असेल. की विचारच नव्हता? कधी वाटतं, आयुष्यात माझ्यासाठी कोणी एवढं केलेलं नाही. आणि त्याच दमात इतका राग येतो की हातातलं काम टाकून जिन्यात जाऊन उभं राहावंसं वाटतं. तुम्ही मला विचारलं नाहीत. माझ्याकडून उत्तर आलं नाही, तर माझ्या जागी तुम्ही उत्तर देऊन मोकळे झालात, आणि कोणाला पत्ता लागला नाही. तुमच्या कोडासारखंच. मला अजून दोन सेकंद दिले असतेत तर? मी बोलले असते का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं तुम्ही माझ्या गळ्यात बांधून गेलात.

एकदाच मी विषय काढला. तुम्ही जिना चढत होतात, खांद्यावर केबल. मी म्हटलं, "ते डोंबिवलीचं..."

"झालं ना आता. ती फ्लॉपी किती दिवस उगाळत बसणार?"

फ्लॉपी. मी फाईल म्हटलं नव्हतं, फ्लॉपीही म्हटलं नव्हतं. म्हणजे ती माझ्यासोबत घरी गेली, हेही तुम्ही ओळखलं होतंत. मी तशीच उभी राहिले, तर दोन पायऱ्या वर जाऊन तुम्ही वळलात आणि मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणालात, "पण तरी सांगतो, प्रोग्रॅम थांबायला नकोच. तीन आठवडे टँकर गेले का नाही? एक अडला?"

मी म्हटलं, "आणि चौथ्या आठवड्यात?"

"मग खाली एक ओळ टाक. आत्ता कोणाच्या जोरावर चाललंय, त्याचं नाव. बघणारा बघेल."

"कोणी बघत नाही, हरेशदादा."

"तू बघतेस ना." आणि तुम्ही वर गेलात.

तुमचं टेबल मिळाल्यावर सरांनी मला पहिलं काम सांगितलं ते तुमच्या पाच नावांचं इंग्रजी करण्याचं. मी केलं. एका दुपारचं काम. 'आलंय का' शेवटी ठेवलं होतं, तेही बदललं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला कळलं असणार. ती ओळ मी लिहिली, पडद्याच्या तळाशी. मग खोडली, आणि पहिला प्रोव्हायडर नसेल तर प्रोग्रॅम थांबेल असं केलं. मग टँकर आठवले, तेही खोडलं. तुम्ही गेल्यापासून हेच चाललंय. तुम्ही असतात तर एक दुपार भांडून ठरवलं असतं. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते, आणि तुमच्या बाजूनं बोलताना मला तुमच्यासारखं हसता येत नाही.

तुम्हाला घेऊन गेलेल्या तापाच्या त्या आठ दिवसांत मी तुम्हाला बघायला आले नाही. सावंत गेले, सर गेले. मी ठरवत होते, बरे होऊन येतील तेव्हा सांगू, त्यांच्यासमोरच सरांना सांगू. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. इंग्रजीत.

तर काल, तुमच्या अंगणात. सावंतांचं बोलून झालं होतं. निलेश विचारत होता की मग असल्या माणसाला ठेवलं कशाला. तेवढ्यात तुमची आई आतून आली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुमच्यापेक्षा उंच आहेत, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

"तूच ना गो अश्विनी? ठाकुर्लीची?"

मी उठून उभी राहिले. त्यांनी खांदा दाबून मला परत बसवलं आणि पुढ्यात पाटावर बसल्या.

"मना येक सांग. माजा पोर कंदी काय इसरला नाय. होरीवर जायाचा तवा दोर, कोयता, पानी, सगला त्याच्या हवाली. बाप बोलायचा, हरेश हाय ना, मंग बघाया नको. आन् ती फाईल तो कसा इसरला? घरी पन त्येच सांगत व्हता, आये माज्याकडून राह्यली. मना पटला नाय. तवाच पटला नाय." त्यांचे हात गुडघ्यांवर होते, जाळ्याच्या दोरानं कापल्याच्या जुन्या रेघा असलेले. "तू व्हतीस ना त्याच्यासंगती?"

घरीसुद्धा, हरेशदादा. आईलासुद्धा.

मला तेव्हा तुमच्या शेवटच्या चार महिन्यांचं दुसरं टोक दिसलं. संध्याकाळी तुम्ही या अंगणात येऊन बसत होतात, आणि ही बाई तुमच्याकडे बघून मनातल्या मनात तपासत होती, हा कसा विसरला, याला काय झालंय, हा आजारी तर नाही. बाकी सगळ्यांनी मानलं. सरांनी, सावंतांनी, जो तुमच्याशी धड दोन शब्द बोललेला नाही त्या निलेशनं. एकट्या त्यांनी मानलं नव्हतं, आणि त्या एका माणसालाही मी गप्प राहून खोटं पाडणार होते.

मी बोलले. पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

"मोठ्यान बोल गो," त्या कानाशी हात नेऊन म्हणाल्या, "मना कमी ऐकाय येतं."

मागच्या खुर्च्यांवरचं बोलणं थांबलं. कर्णिक सर ओट्याशी उभे होते, त्यांनीही मान वळवली. आतून वहिनी दारात आल्या. तुम्ही नव्हतात. माझ्याआधी बोलायला कोणी नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि अंगणभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले:

"आई, हरेशदादा काही विसरले नाहीत. विसरले मी. आणि मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं."